साविन, बेल्टेन आणि ते आठ पाकळ्यांचं चक्र: "पाच हजार वर्षांची परंपरा" म्हणणं थांबवा राव

डब्लिनची_भाकरी:
काल साविन झालं. (Samhain हे स्पेलिंग बघून सामहेन वाचू नका, आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्याचंच हे नाव आहे.) ऑफिसच्या ग्रूपवर एकीनं पेगन लोकांच्या (ख्रिस्ती धर्माआधीच्या श्रद्धा नव्यानं मानणाऱ्यांच्या) वर्षचक्राचं चित्र टाकलं, आठ पाकळ्या, आठ सण, खाली "पाच हजार वर्षांची केल्टिक परंपरा", आणि त्यावर शंभर लाल बदाम. नऊ वर्षं इथं राहतेय, दरवर्षी गप्प बसते, यंदा नाही.

गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडचे जुने सण चार. इम्बोल्क 1 फेब्रुवारी, बेल्टेन 1 मे, लूनसा 1 ऑगस्ट, साविन 1 नोव्हेंबर. चारही गुरांच्या आणि पिकांच्या हिशोबानं बसवलेले. मे उजाडला की गुरं डोंगरावरच्या कुरणात, साविनला परत खाली, आणि हिवाळ्यात पोसणं परवडणार नाही ती कापायची. साधारण सन 900 च्या एका जुन्या आयरिश शब्दकोशात लिहिलंय की बेल्टेनला दोन आगट्या पेटवून मधून गुरं हाकायचे, रोगराई लागू नये म्हणून. एवढं ठोस आहे, आणि एवढंच मला पुरतं.

बाकीचे चार म्हणजे दोन अयनदिन (वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस) आणि दोन संपात (दिवस-रात्र सारखे असतात ते), ते आठाच्या चक्रात बसले 1950 च्या दशकात आणि तेही इंग्लंडात. विक्का या नव्या पेगन पंथाचे गेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड (जुन्या केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे) मंडळींतले रॉस निकोल्स यांची ओळख होती, दोघांच्या मंडळींनी मिळून जवळपास सारखंच कॅलेंडर धरलं. सप्टेंबरच्या संपाताला "मेबन" म्हणतात ना, ते नाव 1970 च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसानं ठेवलं, वेल्श गोष्टीतल्या एका पात्रावरून. गेलिकशी संबंध शून्य. आणि पाच हजार वर्षं म्हणाल तर आयर्लंडमधलं न्यूग्रेंजचं थडगं तेवढं जुनं आहे, पण ते बांधणारे केल्टिक भाषा इथं यायच्या कितीतरी आधीचे.

अनवट_पाटील:
बरं मग? आपला सार्वजनिक गणपती 1893 चा, म्हणून तो खोटा झाला का? सण किती जुना यावरून तो खरा की खोटा कसं ठरवणार? लोकांना वर्षाला आठ वेळा थांबून ऋतू बघावासा वाटतो, मोबाईल खाली ठेवून दिवा लावावासा वाटतो, यात तुमच्या पोटात का दुखतंय तेच कळेना.

डब्लिनची_भाकरी:
पाटील, उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत की. टिळकांचं वर्ष आपल्याला पाठ आहे, त्याआधी भाऊ रंगारींनी बसवला होता यावर पुण्यात अजून भांडणं होतात. कुणीही म्हणत नाही की मंडळाचा मांडव पाच हजार वर्षांचा आहे. दिवा लावा, आठ काय अठरा लावा, फक्त आयरिश आजीच्या नावावर खपवू नका. त्या बिचाऱ्या आजीनं मेबन हा शब्द आयुष्यात ऐकलेला नसतो.

मेलबर्नचा_मामा:
इथं तर वेगळीच गंमत. शेजारीण पेगन आहे, ती 31 ऑक्टोबरला बेल्टेन करते, कारण आमच्याकडे तेव्हा वसंत. डोक्यावर फुलं वगैरे, आणि रस्त्यावर पोरं भुतांचे कपडे घालून चॉकलेटं मागत फिरतायत. मी आधी हसलो होतो. मग बायको म्हणाली तुम्ही काय वेगळं करता, संक्रांतीला थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून तीळगूळ, आणि आपण तो चाळीस डिग्रीत वाटतो, गूळ बोटांना चिकटतो, लोक तोंडदेखलं घेतात नि पाणी मागतात. शेजारणीनं तारीख सोडली आणि ऋतू धरला, आपण तारीख धरली आणि ऋतू सोडला. आता यात परंपरेशी प्रामाणिक कोण हे मला चार वर्षं सुटलेलं नाही. भाकरीताई, तुमच्याच व्याख्येनं सण गुरांचा नि पिकांचा असेल तर शेजारीण बरोबर निघते ना?

डब्लिनची_भाकरी:
मामा, हा मुद्दा बसला. तुमच्या शेजारणीवर माझा आक्षेपच नाही, तिनं निदान खिडकीबाहेर बघितलं.

चहाटळ:
मी एडिनबराला होतो तेव्हा 30 एप्रिलच्या रात्री कॅल्टन हिलवर गेलेलो. तिकीट काढून, लाईन लावून. ढोल असे की छातीत हादरे, अख्ख्या अंगाला लाल रंग फासलेली माणसं मशाली घेऊन धावतायत, मे राणी पांढऱ्या कपड्यात, पानांनी मढलेला ग्रीन मॅन मरतो नि परत उठतो. थंडीनं माझे दात वाजत होते आणि त्या लाल लोकांच्या अंगावर धड कपडे नव्हते. हे सुरू झालं 1988 ला. ग्रीन मॅन हे नाव तर लेडी रॅगलननं 1939 ला चर्चमधल्या दगडी चेहऱ्यांवर लेख लिहिला तिथून चाललं, त्यात गेलिक काही नाही. मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं आणि आता माहीत झालं म्हणून ती रात्र कमी झाली नाही. खोटं बोलू नये हे मान्य, पण भाकरीताईंचा सूर असा लागलाय की जणू कागद दाखवल्याशिवाय आगीजवळ उभं राहू देणार नाहीत.

मोडीवाचक:
उलट कागद दाखवायलाच हवेत. "साविन म्हणजे केल्टिक नववर्ष" हे सगळीकडे छापतात ना, ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात जॉन ऱ्हिस या वेल्श प्राध्यापकानं मांडलं, पुढे लोकपरंपरांचा अभ्यासक फ्रेझरनं उचललं. रोनाल्ड हटनसारखा इतिहासकार, जो पेगन लोकांशी अतिशय सहानुभूतीनं वागतो, तोही म्हणतो की पुरावा तोकडा आहे. आपल्याकडे असंच कुणी प्राध्यापकाचा तर्क उचलून "आपले पूर्वज असं करायचे" म्हणालं की आपण दोन हजार कॉमेंटी करतो.

अनवट_पाटील:
ठीक, मग भाकरीताईंना एक प्रश्न. आयर्लंडमधल्या किल्डेअरची ब्रिजिडची ज्योत. (ब्रिजिड म्हणजे आयरिश संत, तिचा दिवस 1 फेब्रुवारी, इम्बोल्कचाच.) बाराव्या शतकात गेराल्ड ऑफ वेल्स लिहितो की एकोणीस नन आळीपाळीनं ती राखतात आणि विसाव्या रात्री स्वतः ब्रिजिड. मध्ये कित्येक शतकं ती विझलेली. 1993 ला ब्रिजिडाइन सिस्टर्सनी परत पेटवली. म्हणजे विक्कापेक्षाही नवी! ती तुम्हाला चालते का? नन्सनी केलं की पुनरुज्जीवन आणि पेगन लोकांनी केलं की बनावट, असं आहे का?

डब्लिनची_भाकरी:
हं. यावर रात्रभर विचार केला, खरंच.

चालते. कारण त्यांनी "1993 ला परत पेटवली" असं उघड सांगितलं. पण तुम्ही दुसरं काहीतरी पकडलंत, की माझा राग पेगन लोकांवर कमी आणि त्या चित्रावर जास्त आहे. इथं जे चालू आहे ते त्या आठ पाकळ्यांत दिसतच नाही. माझी मुलगी दरवर्षी 31 जानेवारीच्या सुमारास शाळेतून ब्रिजिडचा क्रॉस आणते. लव्हाळ्याचा. एक काडी उभी धरायची, दुसरी दुमडून तिच्यावर, क्रॉस फिरवायचा, परत दुमडायची, चार टोकं रबरबँडनं बांधायची. पहिल्या वर्षी मी बागेतून कात्रीनं लव्हाळं कापून आणलं तर घरमालकीणबाई म्हणाल्या कापायचं नसतं, हातानं उपटायचं. का ते त्यांनाही सांगता येईना, आई तसं करायची म्हणून. त्याच बाई आदल्या रात्री फडकं बाहेर कुंपणावर टाकतात, ब्रिजिड जाताना हात लावते म्हणे, मग वर्षभर डोकं दुखलं की तेच फडकं कपाळाला. त्या दर रविवारी चर्चला जातात, पेगन म्हटलं तर झाडू घेऊन मागे लागतील. 2023 पासून ब्रिजिडच्या दिवसाची सरकारी सुट्टीही आहे, आयर्लंडमधली बाईच्या नावाची पहिली.

चहाटळ:
मग चित्र टाकणाऱ्या त्या पोरीला हेच सांगा ना, आमच्याशी काय भांडताय.

डब्लिनची_भाकरी:
सांगितलं आज जेवताना. म्हणाली तिची आजी पश्चिम आयर्लंडातल्या मेयोची, तीही फडकं टाकायची, पण आई डब्लिनला आल्यावर बंद झालं, आणि हिला ते सगळं परत सापडलं ते त्या चक्रामुळेच. मी पुढं काही बोलले नाही.

मेलबर्नचा_मामा:
फडकं कुठलंही चालतं का, की सुतीच लागतं?

डब्लिनची_भाकरी:
विचारून सांगते मामा. आमच्या बाईंचं तर चहाच्या भांड्याचं असतं.