कोल्ड स्टोरेजचं नेटवर्क डिझाइन आलंय, सही करायच्या आधी काय तपासू?

हळद्या_आयटी

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं बेदाणा-हळदीचं कोल्ड स्टोरेज, ऑफिस सांगलीत गावभागात. आयटीवाला म्हणजे मी एकटाच. वजनकाट्याच्या प्रिंटरपासून मालकांच्या मोबाइलपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात.

आता नवीन नेटवर्क करायचं ठरलंय. व्हेंडरनं नऊ पानी रंगीत डिझाइन दिलंय. मालकांनी फक्त शेवटच्या पानावरचा आकडा बघितला आणि म्हणाले, "तू बघ आणि सही कर."

३२ कॅमेरे, ४५ कॉम्प्युटर, दोन वजनकाटे, चेंबरमधले तापमानाचे सेन्सर, हमालांच्या हातातले बारकोड स्कॅनर. सगळं १९२.१६८.१.० या एकाच नेटवर्कमध्ये टाकलंय. ऑफिस आणि चेंबर फायबरनं जोडलेत, गेटवरच्या काट्याला कॅट-६ म्हणजे तांब्याची केबल, अंतर १३० मीटर. इंटरनेटच्या दोन लाइन. मुख्य रॅक, म्हणजे सगळी उपकरणं ठेवायचं कपाट, गावभागात, तळमजल्यावर.

पॅकेट ट्रेसरमध्ये (कॉम्प्युटरवर नेटवर्कची नक्कल करायचं सॉफ्टवेअर) मांडून बघितलं, सगळं हिरवं दिसतंय. पण सौद्याच्या दिवशी चालेल का, हे आधी कसं ओळखायचं?

मिरज_जंक्शन

दादा, बाकीचं नंतर. गावभागात तळमजल्यावर रॅक? ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. त्या व्हेंडरला आधी पूररेषा दाखवा. रॅक कुपवाडला ठेवा, गावभागात पहिल्या मजल्यावर एक छोटा नेटवर्क स्विच पुरे.

पॅचकॉर्ड

पॅकेट ट्रेसरला व्हीलॅन (एकाच जाळ्याचे केलेले वेगळे कप्पे) कळतं, पत्रा कळत नाही. तुमच्या चेंबरच्या भिंती पफ पॅनेलच्या असणार, दोन्ही बाजूंनी पत्रा. बाहेरच्या ॲक्सेस पॉइंटचा, म्हणजे वायफायच्या डब्याचा, सिग्नल आत जवळपास येतच नाही. व्हेंडरकडून एक ॲक्सेस पॉइंट दोन दिवस उसना घ्या, चेंबरमध्ये स्टुलावर ठेवा, दार लावा आणि स्कॅनर घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत फिरा. आणि हे माल भरलेला असताना करा हं. रिकाम्या चेंबरमध्ये सगळ्यांचंच वायफाय छान चालतं.

काट्याची केबल अजिबात मान्य करू नका. तांब्याच्या केबलची हद्द पॅचकॉर्ड धरून १०० मीटर. शिवाय दोन इमारतींमध्ये तांबं ओढलं की वळवाच्या पावसात वीज त्यातूनच आत येते. आमच्याकडं एका कडाक्यात चार स्विच गेले. तिथंही फायबरच हवं.

एकच नेटवर्क हीसुद्धा चूक. कॅमेरे, काटे, हिशेबाचे कॉम्प्युटर आणि पाहुण्यांचं वायफाय वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका. मालक घरून व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, येतात का? घरच्या राउटरलाही बहुतेक १९२.१६८.१ च असतं, मग दोन्हीकडं तेच पत्ते आणि काहीच उघडत नाही. १० नं सुरू होणारी रेंज घ्या.

आणि कॅमेऱ्यांचा हिशेब वहीत करा. एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस धरले तर?

हळद्या_आयटी

३२ चोक १२८. आत्ता पान ६ काढून बघितलं. सगळे कॅमेरे चेंबरकडं, रेकॉर्डर ऑफिसात आणि मधल्या फायबरला दोन्ही टोकांना जो मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लिहिलाय तो १०० एमबीपीएसचा आहे! फायबर एवढं भारी आणि तोंड बाटलीचं. व्हेंडरला फोन केला तर म्हणतो, "साहेब, टायपिंग मिस्टेक." कोटेशनमध्ये दर मात्र १०० वाल्याचाच लावलाय.

मालक घरूनच बसतात, व्हीपीएनचं बरं सांगितलंत.

रिटायर्ड_केबलवाला

तरुण मंडळींनी चांगलं सांगितलं. माझं एवढंच. स्वीकृतीची चाचणी आत्ताच कागदावर लिहून घ्या, बिलातले शेवटचे पैसे तिच्यावर अडकवा. आयपर्फ या सॉफ्टवेअरनं दोन्ही टोकांमधला वेग मोजून दाखवायचा. मग काम चालू असताना तुम्ही स्वतःच्या हातानं इंटरनेटची एक लाइन उपटायची. काट्याची पावती थांबता कामा नये. एका स्विचची दोन पोर्ट एकाच केबलनं जोडून लूप करून बघा, जाळं कोसळतं का सावरतं. त्या वेळी व्हेंडरचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि दोन लाइन म्हणता, त्या आत येतात कुठून? चित्रावर नाही, रस्त्यावर जाऊन बघा.

हळद्या_आयटी

काका, आज सकाळी वॉचमनला घेऊन गेटाबाहेर गेलो. दोन कंपन्या, दोन बिलं, आणि दोन्ही केबली एकाच खांबावर एकाच तारेनं करकचून बांधलेल्या. वॉचमन म्हणतो, गेल्या पावसाळ्यात ट्रक घासला तेव्हापासून हा खांब वाकडाच आहे.

डिझाइन परत पाठवलंय. सही केली नाही.