लेकीला कार शिकवताना रोज खटके उडायलेत, क्लासला घालू का?

अनगोळची_आई:
नमस्कार, सरळ विषयावर येते. मुलीला दिवाळीत 18 पूर्ण झाली, लगेच एलएल म्हणजे लर्निंग लायसन काढलं आणि तेव्हापासून आमचे हे तिला सकाळी सकाळी गाडी शिकवायला घेऊन जायलेत. इथं बेळगावात उद्यमबागच्या आतल्या रस्त्यावर सुट्टीदिवशी शुकशुकाट असतो तिथं सगळं ठीक चाललेलं, पण मेन रोडला आलं की ह्यांचा आवाज चढतो. अगं ब्रेक, अगं क्लच, अगं ती म्हैस बघ, सगळं एका दमात. परवा दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी बंद पडली, गेट नुकतंच उघडलेलं, दोन्हीकडनं बाईकवाले अख्खा रस्ता अडवून समोरासमोर, मागनं हॉर्न, आणि शेजारी ह्यांचं सुरूच. पोरीनं कशीबशी गाडी पलीकडं काढली, काँग्रेस रोडला कडेला लावली, चावी ह्यांच्या हातात दिली आणि रिक्षा करून घरी आली. आता दोघं जेवताना पण एकमेकांशी बोलेनात.

हे म्हणतात क्लासवाले पैसे घेतात आणि क्लच तेच दाबतात, पोरं काय शिकत नाहीत, इतकी वर्षं गाडी मारतोय मी, मीच शिकवणार. ती म्हणते पप्पा शेजारी असतील तर मी स्टेअरिंगला हात लावणार नाही. मी रोज गाडी घेऊन खानापूरला नोकरीला जाते, संध्याकाळी दमून आले की दोघांची कैफियत ऐकायची. क्लासला घालू की हेच चालू ठेवू? आणि धाकटा 16 चा आहे, हे सगळं बघून तो स्कूटी मागायलाय, त्याला काय सांगू तेही सांगा.

वडगावचा_भाऊ:
क्लासला घाला, विषय संपला. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी पण क्लच-ब्रेक असतो, घरच्या गाडीत नवऱ्याच्या पायाशी फक्त मॅट असते. तो ओरडणार नाही तर काय करणार, भीतीनं ओरडतोय बिचारा.

निवृत्त_चालक:
ताई, मी कर्नाटक एसटीला ड्रायव्हर होतो, चोर्ला घाट आणि निपाणी दोन्ही रूट केलेत, नवीन पोरं पण हाताखाली शिकलीत म्हणून चार गोष्टी सांगतो. तुमच्या मालकांचं एक बरोबर आहे, काही क्लासवाले क्लच स्वतःच सांभाळतात आणि पोराला वाटतं आपल्याला आलं. पण वर भाऊ म्हणालेत तेही खरंय, पहिले दहा-बारा दिवस डबल कंट्रोलवाली गाडी बरी, त्यानंतरचा हात घरच्याच गाडीवर बसतो.

आता बोलण्याचं. शिकणाऱ्याला सांगायचं ते आधी सांगायचं. "पुढच्या चौकात डावीकडं वळायचंय, आरसा बघ, सेकंड टाक" हे चौक शंभर पावलं लांब असतानाच. चौकात पोचल्यावर "अगं अगं" म्हटलं की ती काय करणार, एक तर गच्च ब्रेक दाबणार नाहीतर पाय उचलून गप्प बसणार. म्हणून घरातनं निघायच्या आधीच तीन शब्द ठरवा. हळू, थांब, आणि सोड म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोड. बाकी जे काय ऐकवायचंय ते गाडी कडेला लावून, न्यूट्रल करून. चालत्या गाडीत चूक सांगितली की पोर मागच्या चुकीचा विचार करत पुढची करतं.

क्लचचं सांगतो, गाडी बंद पडायचं कारण तेच. सपाट मैदानात अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. टाच खाली टेकवून क्लच पूर्ण दाबायचा, फर्स्ट टाकायचा, आणि इंचाइंचानं सोडत यायचं. एका जागी गाडीचं नाक थोडं हलतं, इंजिनचा आवाज जड होतो, तिथं पाय थांबवायचा. गाडी आपोआप सरकायला लागते. परत दाबा, थांबा, परत सोडा. हे इतक्या वेळा करायचं की कंटाळा आला पाहिजे. ती जागा पायाला सापडली की गेटला दहा जणांनी हॉर्न मारला तरी गाडी बंद पडणार नाही. आणि पडली तरी काय, क्लच-ब्रेक दाबायचा, न्यूट्रल, स्टार्टर, फर्स्ट. मागचा थांबतो, कुठं जातोय.

चढासाठी येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता चांगला, पण सकाळी लवकर जावा, उशिरा गेलं की फिरायला येणाऱ्यांची गर्दी. हँडब्रेक ओढून उभं राहायचं, क्लच त्या जागेवर आणायचा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, गाडीचं नाक उचललं की मग हँडब्रेक सोडायचा. शेजारी बसणाऱ्याचा हात हँडब्रेकजवळ पाहिजे, पण वेगात असताना ओढायचा नाही, मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. तो फक्त हळू गाडीसाठी.

एल_बोर्डवाली:
काकी मी तुमच्या मुलीच्या बाजूनं लिहायलीय. मला पण पप्पांनीच शिकवलं, मागच्या वर्षी पीयूसी म्हणजे बारावी झाल्यावर. खरं सांगू का, ओरडण्यापेक्षा जास्त त्रास कशाचा होतो तर ते आपल्या जागेवर बसून स्वतःच ब्रेक दाबत असतात, पाय असा गच्च रोवून, एक हात वरच्या हँडलला, आणि समोरनं रिक्षा आली की तोंडानं स्स्स करतात. मग आपल्याला रस्त्याऐवजी त्यांचाच पाय दिसतो. आणि ओळखीचं कोण दिसलं की काच खाली करून "लेक शिकायलीय बघा", अगदी मिरवणूक. तुमच्या काकांना एवढंच सांगा की ती कडेला थांबली की आधी तिला विचारा काय चुकलं, ती स्वतः सांगते, आम्हाला कळलेलं असतं. आमच्या घरी असं सुरू केल्यावर जरा शांतता झाली.

डाव्या बाजूचा अंदाज मला अजिबात येत नव्हता, सारखं वाटायचं गटारात जाणार. पप्पांनी मोकळ्या जागेत डाव्या चाकाच्या पुढं पाण्याची रिकामी बाटली ठेवली, मी बसून बघितलं ती बॉनेटच्या कुठल्या जागी दिसेनाशी होते, मग तिच्यावरनं चाक घालायचं. फट्ट वाजलं की बरोबर. ह्याच्यात मजा पण आली.

चंदगडकर:
आमचं गाव शिनोळीच्या पलीकडं, वैनी, अर्धे पावणे बेळगावात, त्यामुळं हा प्रश्न आमच्याकडं सारखा येतो की कर्नाटकचं एलएल घेऊन बाचीच्या पुढं महाराष्ट्रात आलं तर चालतंय का. चालतंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 13 प्रमाणं लर्निंग असो की पक्कं, भारतभर चालतं, केए 22 असू दे नाहीतर एमएच 09. पण अटी पाळा. शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस, तोही पुढच्या सीटवर, पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल, पाटी किमान 18 सेंटीमीटरची चौकोनी. हे नुसतं पोलिसासाठी नाही, इन्शुरन्सच्या पॉलिसीत पण एलएलवाल्यानं हा नियम पाळलेला पाहिजे असं लिहिलेलं असतं, नाहीतर काही झालं की क्लेमला अडचण. एलएल 6 महिने चालतं, आणि काढल्यापासून 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, त्यामुळं घाई करून काही उपयोग नाही.

धाकट्याला मात्र सरळ नाही म्हणा. 16 ला आईवडिलांच्या संमतीनं मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आपल्याकडच्या स्कूट्या त्याच्या बऱ्याच वर. 2019 च्या दुरुस्तीत कलम 199ए आलंय, अल्पवयीन पोरानं गाडी मारून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि त्या पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लर्निंग पण नाही. हे शेवटचं त्याला सांगा, बापाच्या जेलला पोरं भीत नाहीत पण 25 म्हटलं की गप्प होतात.

निवृत्त_चालक:
अजून एक राहिलं, आता ऊसाचा सीझन आहे. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला. मुलीला सांगून ठेवा, ओव्हरटेक करताना एक ट्रॉली धरून अंदाज बांधायचा नाही, पुढं दुसरी असते, ती संपेपर्यंत समोरचा रस्ता रिकामा दिसला तरच काढायची, आणि डाव्या बाजूनं तर कधीच नाही, ट्रॉली खड्ड्यात गेली की डावीकडंच कलंडते. अंधार पडल्यावर शिकणाऱ्याला मेन रोडला आणूच नका. खेड्यात काही ठिकाणी मळणीसाठी पीक रस्त्यावर पसरलेलं असतं, त्यावरनं जोरात जायचं नाही, घसरतं, आणि काड गाडीच्या खाली गुंडाळलं गेलं की गरम होऊन पेट घेतं. पुढं जाऊन थांबून खाली वाकून बघायचं.

शहापूर_पेठ:
सगळ्यांनी एवढं लिहिलंत पण एक कुणी विचारलंच नाही. ताई, तुम्ही स्वतः रोज खानापूरला गाडी मारत जाता म्हणून वर लिहिलंय की. मग तुम्हीच का बसत नाही शेजारी? आमच्याकडं गाडी शिकवायची म्हटलं की घरातला पुरुषच, बाई रोज हायवेला ट्रक ओव्हरटेक करत जात असली तरी.

अनगोळची_आई:
वाचून हसूच आलं, कारण घरात हे कुणी बोललंच नव्हतं, लेक पण नाही. काल जेवताना मी विषय काढला, आधी हे म्हणाले तुला शिकवायला जमणार नाही, तू लगेच घाबरतेस. लेक म्हणाली आई रोज पिरनवाडीच्या गर्दीतनं जाते पप्पा, तुम्ही तर रविवारी तेवढी गाडी काढता. झालं, पुढचं बोलणंच संपलं.

तर ठरलंय असं. क्लासला पंधरा दिवस घालतोय, तोवर घरची गाडी बंद. नंतर सुट्टीदिवशी सकाळी मी शेजारी बसणार, हळू-थांब-सोड पाठ केलंय. ह्यांनी पण यायचं म्हटलंय, त्यांना मागची सीट दिलीय आणि तोंड उघडायचं नाही ही अट लेकीनं घातलीय. धाकट्याला 25 चं सांगितलं, सायकलची चेन दुरुस्त करून मागितलीय. ड्रायव्हर काकांना एकच विचारायचं होतं, मागचा एल काचेवर चिकटवू की डिक्कीच्या पत्र्यावर?

निवृत्त_चालक:
पत्र्यावर, पण नंबर प्लेट झाकू नका. काचेच्या मधोमध लावला तर तिला आरशात मागचं दिसणार नाही. आणि मालक मागं बसणार तर त्यांना डावीकडं बसवा, मधे बसले तर आरशात तेच दिसत राहतील.