न्यू जर्सीत वर्षभर ट्रेकिंग: कुठलं स्टेट पार्क कधी?

घाटवाटेवाला
मंडळी, आम्ही नुकतेच पुण्याहून एडिसनला शिफ्ट झालोय. मुलं सात आणि दहा वर्षांची. तिकडे पावसाळा आला की राजमाची नाहीतर लोहगड ठरलेला आणि एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे सगळं बंद. इथे ऑफिसातले म्हणतात ऑक्टोबरमध्ये फॉल कलर्स (पानगळीआधीचे झाडांचे रंग) बघून घे, मग थेट एप्रिल. खरंच इतके महिने घरात बसायचं का? दोन-अडीच तासांचं ड्रायव्हिंग चालेल.

पार्सिपनीकर
घरात कशाला बसताय, थंडीतच तर खरी मजा आहे, झाडांची पानं गेली की लांबपर्यंत दिसतं आणि डास नाहीत, गर्दी नाही. हाय पॉइंट स्टेट पार्कला जा, राज्यातली सगळ्यात उंच जागा, 1803 फूट. आकड्यावर हसू नका, कळसूबाईच्या निम्मीही नाही पण वर 220 फुटी स्मारक आहे आणि तिथून तीन राज्यं दिसतात. बर्फ पडल्यावर स्नोशूज घालून पोरं दिवसभर खेळतील. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स मात्र आधी घ्या, पायवाटेवर गोठलेलं पाणी पानांखाली दिसतच नाही. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा सहा दिवसांचा बंदुकीचा सीझन असतो, बऱ्याच स्टेट फॉरेस्टमध्ये शिकारीला परवानगी असते, त्यामुळे सगळ्यांना भडक केशरी जॅकेट. तो आठवडा मी स्वतः जंगलात जातच नाही.

रानवाटा_एनजे
फॉलसाठी वर्दिंग्टन स्टेट फॉरेस्टमधला माउंट टॅमनी. रेड डॉट नावाच्या पायवाटेने चढायचं, ब्लू डॉटने उतरायचं. रेड डॉटचा चढ दगडांचा आणि चांगलाच खडा आहे, सह्याद्रीत फिरलेल्यांना आवडतो, वर गेलं की खाली डेलावेअर नदीचं वळण. दहा वर्षांचा चढेल, सात वर्षांच्याचं तुम्ही बघा. ऑक्टोबरच्या वीकेंडला पार्किंग सकाळीच भरतं, नऊ वाजता पोचून उपयोग नाही.

घाटवाटेवाला
भारी! पेनसिल्वेनियातल्या रिकेट्स ग्लेनचे गोठलेल्या धबधब्यांचे फोटो बघितले, जानेवारीत मुलांना घेऊन जमेल का?

रानवाटा_एनजे
नाही हो. थंडीत तिथला फॉल्स ट्रेल फक्त क्रॅम्पॉन्स (बर्फासाठी बुटांना लावायचे टोकदार खिळे), दोर वगैरे सगळं सामान असलेल्यांसाठीच उघडा असतो, नाव नोंदवून जावं लागतं. मे महिन्यात जा, 22 धबधबे आहेत, सगळ्यात मोठा गनोगा 94 फूट, आणि तेव्हा पाणीही भरपूर असतं. शिवाय पेनसिल्वेनियाच्या स्टेट पार्कांना एंट्री फी नाही, आपल्या न्यू जर्सीत काही पार्कांत उन्हाळ्यात गाडीमागे घेतात.

साउथजर्सीची_ताई
सगळे उत्तरेलाच पाठवताय, कोणीतरी व्हॉर्टन स्टेट फॉरेस्टचं नाव घ्या की! पाइन बॅरेन्स म्हणजे पाइनच्या झाडांचं सपाट जंगल, सव्वा लाख एकरांच्या आसपास, चढ नावालाही नाही पण बॅट्स्टो नदीत कनू चालवायला मुलांना जाम आवडेल, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, घाण नाही, सीडरच्या झाडांमुळे आणि लोहामुळे तसं होतं. मार्च ते मे तिकडे वणव्यांचा सीझन, त्यामुळे शेगडी पेटवून कणसं भाजायचा बेत असेल तर आधी पार्क ऑफिसला फोन करा, बंदी असू शकते. आपल्याला वणवा म्हटलं की कडक उन्हाळा आठवतो पण इथे पालवी फुटायच्या आधी ऊन थेट सुक्या पाचोळ्यावर पडतं.

आणि गोचिडांबद्दल कोणीच बोललं नाही! मे ते जुलै त्यांची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, दिसतही नाहीत, लाइम डिसीज (गोचीड चावल्याने होणारा आजार) बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच होतो. लांब पँट, ती मोज्यात खोचायची, घरी आल्यावर आंघोळ आणि मुलांचे काखा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे, केसात नीट बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने सरळ ओढून काढा, तेल-बिल लावत बसू नका.

पार्सिपनीकर
ताई बरोबर. आणि बिअर नेऊ नका हो, न्यू जर्सीच्या स्टेट पार्कात दारू चालत नाही, दर उन्हाळ्यात पिकनिकच्या ग्रुपमध्ये कोणीतरी कूलर भरून आणतोच.

घाटवाटेवाला
कूलरमध्ये ताक आणि कोकम सरबत 😄 या शनिवारी टॅमनी. सातला पोचतो. कोणी येतंय का?