मदत हवी आहे: गाडीचा पोचा घरीच काढायचाय, ठोकायला सुरुवात कुठून करू?

खटारा_प्रेमी
गाडीच्या डाव्या बाजूला मोठा पोचा आलाय, गेटच्या खांबाला घासून. गॅरेजवाल्याने सांगितलेल्या आकड्यात गाडीची अर्धी किंमत निघते. रबरी हातोडी आहे, साधी हातोडी आहे, रविवार मोकळा आहे. शेजारचे म्हणतात गरम पाणी ओता. सुरुवात कुठून करायची तेवढंच सांगा. "गाडी विका" असले सल्ले नकोत. जरा लवकर, पासिंगला न्यायचीय.

चौकस_पुणेकर
गाडी कुठली? पोचा दारावर, मडगार्डवर की आणखी कुठे? पेशंटने नुसतं "दुखतंय" म्हणावं, तशातली गत.

मृण्मयी_ठाणे
गरम पाणी बेस्ट! माझा बंपर असाच चेपला होता. उकळतं पाणी ओतलं, आतून हाताने ढकललं, टक्कन बाहेर आला.

चौकस_पुणेकर
ताई, बंपर प्लास्टिकचा असतो. पत्र्यावर पाणी ओतून फक्त गाडी धुतली जाईल.

खटारा_प्रेमी
मारुती ८००, २००१ ची, अजून काय असणार. पोचा मागच्या चाकाच्या वर, दारापासून टेललाइटच्या अलीकडेपर्यंत. मधोमध लांब घडी पडलीय. दार नीट लागतं. फोटो चढत नाहीयेत.

डोंबिवली_फास्ट
एवढा खटाटोप कशाला? मडगार्डच बदला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं मिळेल. चार बोल्ट सोडायचे, झालं.

उद्यमनगरी
पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, भाऊ. मागचा पॅनेल बॉडीला वेल्ड केलेला असतो, तो काय बोल्ट सोडून हातात येणार?

धागाकर्ते, वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंगचं शेड होतं, डॉली (ठोकताना पत्र्यामागे आधाराला धरायचं जड लोखंडी अवजार) धरण्यात लहानपण गेलं, म्हणून सांगतो. आधी ट्रिम, म्हणजे आतून पत्रा झाकणारं आवरण काढ, मॅट उचल आणि चाकाच्या कमानीच्या आतून बोटं फिरव. पत्रा गंजून खाल्लेला असेल तर ठोकू नकोस, हातोडी आरपार जाईल. मग तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करायचा, ते घरचं काम नव्हे.

पत्रा धड असेल तर खड्ड्याच्या मध्यात पहिला घाव घालायचा नाही. नवशिके सगळे तिथंच हाणतात. पोचा पडताना मधला भाग आधी आत जातो, कडेचा उंचवटा नंतर वर येतो. सोडवताना उलटं, जे शेवटी झालं ते आधी. आतून डॉली खोलगट भागावर जोरात दाबून धर आणि बाहेरून शेजारच्या उंचवट्यावर हलक्या टपल्या मार. हातोडीच्या नेमकी खाली डॉली नको, जरा बाजूला हवी. खाली धरलीस तर पत्रा दोघींत चेपून पसरतो. मग दाबला की टप् आत, सोडला की टप् बाहेर. ते दुखणं पोच्यापेक्षा वाईट.

सॅनहोजेचा_सदा
इकडे स्टड वेल्डर वापरतात. बाहेरून पिना चिकटवायच्या, स्लाइड हॅमरने (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या झटक्याने) ओढायच्या, मग ग्राइंडरने उडवायच्या. ट्रिम काढायची कटकटच नाही.

उद्यमनगरी
सदाभाऊ, ते मशीन इथल्या चांगल्या गॅरेजातही असतं. पण हातात दोन हातोड्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? शिवाय रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसल्याशिवाय पिन चिकटत नाही.

लांबी_झिंदाबाद
एवढं शास्त्र कशाला राव! थोडा बाहेर काढा, वर लांबी (पुट्टी) भरा, पॉलिश पेपर मारा. रंगाखाली कोण बघतंय?

उद्यमनगरी
लोहचुंबक घेऊन येणारं गिऱ्हाईक बघतं, जाड लांबीवर ते चिकटत नाही. दोन-तीन मिलीमीटरच्या वर भरलेली लांबी खड्ड्यांच्या रस्त्यावर तडकते, फटीतून पाणी शिरतं, पत्रा आतून गंजतो. लांबी पातळच हवी. आणि ती भरायच्या आधी रंग पत्र्यापर्यंत खरवड.

खटारा_प्रेमी
आत गंज नाही, बघितलं. पण डॉली कुठून आणू? आणि ती घडी? तिथला पत्रा कडक लागतोय.

चौकस_पुणेकर
पुण्यात असाल तर नाना पेठ. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करावी लागते, तेही बघा.

खटारा_प्रेमी
रंगाचं कुणी विचारलंय?

डोंबिवली_फास्ट
पासिंगचं खरं सांगू? १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हा छळ. आमच्या एजंटने तर...

चौकस_पुणेकर
एजंटपुराणासाठी वेगळा धागा काढा.

उद्यमनगरी
डॉली नसली तर गुळगुळीत, थोडा गोलसर, मुठीत मावणारा जड लोखंडी ठोकळा चालेल. कड धारदार नको, आतून खुणा उठतात. पत्रा दुमडला की तिथं कडक होतो, म्हणून घडी हट्टी. टोकांपासून सुरू कर, दोन्हीकडून थोडं थोडं मध्याकडे ये. दर चार टपल्यांनी थांबून पातळ फडक्यावरून तळवा फिरव. डोळ्याला सपाट वाटतं तिथंही हाताला उंचवटा लागतो. संध्याकाळी ट्यूबलाइट लावून तिचं प्रतिबिंब पत्र्यात बघ, रेषा वाकली की तिथं काम बाकी. रबरी हातोडी मोठा खोलगटपणा आतून ढकलायला ठीक, घडीला निरुपयोगी.

आणि टप् करणारा पत्रा आवळायला गॅसची शेगडी किंवा टॉर्च लावू नकोस. मागे पेट्रोलची टाकी आहे.

मृण्मयी_ठाणे
हेअर ड्रायर चालेल का मग?

उद्यमनगरी
ताई, केसांना चालेल.