बॅबेलचे ग्रंथालय आणि शेअर बाजारातील भाकिते

प्रश्न : मेकॅनिकल_तिसरे_वर्ष

नमस्कार. आम्ही काही अभियांत्रिकीचे विद्यार्थी वसतिगृहात दर शनिवारी एकत्र बसून गुंतवणुकीचा अभ्यास करतो. गेले दोन महिने मात्र अभ्यास मागे पडला असून टेलिग्रामवरील एका गटाच्या टिपांवरच चर्चा होते. 'त्यांचे सलग सात अंदाज बरोबर आले' असे कोणी म्हटले की बाकीचे पुढचे काही ऐकूनच घेत नाहीत. नुकतीच मी अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांची १९४१ सालची बॅबेलच्या ग्रंथालयाची कथा वाचली. त्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तक ४१० पानांचे, पानावर ४० ओळी, ओळीत सुमारे ८० अक्षरे आणि चिन्हे अवघी २५. त्यांपासून होऊ शकणारी सर्व पुस्तके तिथे आहेत, म्हणजे उद्याच्या बाजारभावांचे पुस्तकही कुठल्या तरी फळीवर असणारच. मित्रांना समजावताना या कथेचा उपयोग होईल का?

प्रतिसाद : गणिताची_वही

अवश्य होईल, पण आधी हिशेब फळ्यावर मांडावा. एका पुस्तकात १३,१२,००० चिन्हे, म्हणून पुस्तकांची संख्या २५ चा १३,१२,००० वा घात. ती लिहून काढायला अठरा लाखांहून अधिक अंक लागतात. उद्याचे भाव अचूक सांगणारे पुस्तक त्यात आहे हे खरे, परंतु एखादाच भाव चुकवणारी असंख्य पुस्तकेही तिथेच आहेत आणि बाजार बंद होईपर्यंत दोहोंत फरक करण्याचे कोणतेही साधन वाचकापाशी नाही. कथेतली माणसे स्वतःचे भवितव्य सांगणारा ग्रंथ शोधायला आपापली षट्कोनी दालने सोडून धावतात, जिन्यांवर एकमेकांचे गळे धरतात, आणि तो ग्रंथ सापडण्याची शक्यता मात्र शून्य असते. मला हा प्रसंग फार अस्वस्थ करतो.

आता तुमचे सात अंदाज घ्या. समजा, १२८ गट केवळ नाणे उडवून 'वाढेल' किंवा 'पडेल' असे सांगत आहेत. पहिल्या अंदाजानंतर साधारण ६४ गट बरोबर ठरतील, मग ३२, १६, ८, ४, २ आणि सातव्यानंतर एक. तुमच्या मित्रांना तो एकच गट दिसतो. उरलेले १२७ गट कोणी कोणाला दाखवत नाही. शिवाय चुकलेला संदेश गटचालकाला पुसून टाकता येतो.

प्रतिसाद : ताळेबंद_वाचक

वरील हिशेब मान्य आहे, तरी एक सावधगिरी सुचवतो. त्या ग्रंथालयातील पुस्तकांना लेखकच नाही, त्यामुळे त्यातील वाक्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालाचे तसे नाही : त्यावर संचालकांची सही असते, लेखापरीक्षकाचा अभिप्राय असतो आणि खोटे लिहिल्यास कायद्याने कारवाई होऊ शकते. 'सगळीच माहिती निरर्थक' असा निष्कर्ष मित्रांनी काढला, तर कथा चुकीच्या जागी वापरल्यासारखे होईल. टिप देणारा सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. ते आधी पाहावे.

त्या टिपा वायदे आणि ऑप्शन्सच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आधारलेल्या करारांच्या, असतील, तर सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सर्वांनी वाचावा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि व्यवहारखर्च धरून तो माणशी सरासरी सुमारे दोन लाख रुपये होता. घरून येणाऱ्या पैशांवर शिकणाऱ्या मुलासाठी ही रक्कम फार मोठी आहे.

मेकॅनिकल_तिसरे_वर्ष

दोघांचेही मनापासून आभार. येत्या शनिवारी आम्ही बत्तीस जण जमणार आहोत. सर्वांना उभे करून प्रत्येकाला एक रुपयाचे नाणे उडवायला सांगेन. काटा पडेल त्याने खाली बसायचे. पाच फेऱ्यांनंतर एखादा जण उभा राहिलाच, तर नाणे कसे उडवावे हे त्याच्याकडून शिकायला कोण तयार आहे, एवढेच विचारेन. त्यानंतर टिपांचा गट बंद ठेवून एका कंपनीचा अहवाल उघडू आणि लेखापरीक्षकाच्या अभिप्रायापासून वाचायला सुरुवात करू.