पाच हजार येनची ओमाकासे खोटी? मग खरी कुठली?

निशीकासाईकर
काल इथे एकाने लिहिलं की तोक्योत पाच हजार येनला मिळते ती ओमाकासे (काय वाढायचं ते शेफवर सोपवून खायची सुशी) नव्हेच, ती ‘टुरिस्टांना गंडवायची थाळी’; खरी ओमाकासे तीस हजारांच्या खाली मिळत नाही. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण राहवलं नाही.

अकरा वर्षं इथे राहतोय. मोन्झेन-नाकाचोला एका मागच्या गल्लीत आठ खुर्च्यांचं दुकान आहे. दुपारी दहा निगिरी (हाताने वळलेल्या भातावर माशाचा तुकडा), एक माकी (समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला भात), अंडं, मिसोचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, सगळं मिळून ४८०० येन. तिथला म्हातारा कोहादा करतो. तारलीच्या कुळातला मासा, बारीक काट्यांचा आणि स्वस्त. चिरायचा, मीठ लावायचं, धुवायचा, मग व्हिनेगरमध्ये टाकायचा. मीठ किती वेळ ठेवायचं हे माशाची चरबी आणि त्या दिवशीची हवा बघून ठरतं. दहा मिनिटं इकडेतिकडे झाली की गेला. भात अंगाइतका कोमट. तुकडा समोर ठेवला की भात आपल्याच वजनाने जरासा खाली बसतो, डोळ्यांना दिसतो. दाबून बांधलेला भात बसत नाही. हे कसब पाच हजारांत मिळतंय आणि तुम्ही त्याला गंडवणं म्हणता?

निगिरी मुळात एडोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, गाड्यांवरचं खाणं. १८२०च्या दशकात हानाया योहेई या सुशीवाल्याचं नाव झालं तेव्हा लोक उभ्याउभ्या दोन तुकडे तोंडात टाकून कामाला जायचे. आज जो तोरो, म्हणजे ट्यूनाचा चरबीदार भाग, सोन्याच्या भावाने जातो त्याला तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

बंदर_रोड
ते लिहिणारा मीच. शब्द मागे घेत नाही.

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला घेऊन अशाच एका ‘परवडणाऱ्या’ जागी गेलो होतो. पन्नास मिनिटांत उठायचं, बाहेर पुढची तुकडी उभी. बायकोचा तिसरा तुकडा अजून पानावर आणि चौथा, पाचवा येऊन पडला. नोरी, म्हणजे शेवाळाचा कागद, चामट झाली. बायको डावखुरी आहे. तासभर समोर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसलं नाही. पुढे दोन वर्षं पैसे साठवून महागड्या जागी गेलो. दुसऱ्याच तुकड्यापासून तिथल्या शेफने काही न बोलता तिचा तुकडा उलटा वळवून ठेवायला सुरुवात केली, डाव्या हाताला सोपा जाईल असा. बायको माझ्याकडे बघत राहिली.

‘माकासेरु’ म्हणजे सोपवणं. तुम्ही ज्याच्यावर सोपवता त्याने तुमच्याकडे बघायला नको? छापील यादीप्रमाणे सगळ्यांना तेच वाढलं तर तो कोर्स झाला. कोर्स म्हणा, माझं काही म्हणणं नाही.

देवगडी
दोघांनाही सांगतो, जेवायला माणशी तीन हजार रुपये आणि त्याला परवडणारं म्हणायचं? आमच्याकडे सकाळी होडी लागली की बांगडा घरात, दुपारी तिरफळ घालून पानात. त्यासाठी कुणाला तीन महिने आधी फोन करावा लागत नाही. ५ जानेवारी २०१९ला तोक्योच्या तोयोसू मासळी बाजारात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. मासा खाताय की दागिने?

निशीकासाईकर
तो वर्षातला पहिला लिलाव, बोली जाहिरातीसाठी चढते. आणि घेणारा कोण, तर सामान्य माणसाला परवडेल अशा सुशीच्या साखळीचा मालक. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

आर्द्रा
तुमचं चालू द्या, पण एक विचारते. मागच्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. पक्क्या शाकाहारी. बुकिंग करताना तसं लिहिलं होतं, ‘चालेल’ असं उत्तरही आलं. काउंटरवर बसल्यावर काकडीची माकी दिली, मग अंडं पुढे केलं. अंड्याला नाही म्हटलं तर मिसो सूप. त्यात दाशी, म्हणजे सुक्या बोनितो माशाचं पाणी! मी वेळेवर थांबवलं म्हणून. दोघींचे पूर्ण पैसे घेतले.

देवगडी
सुशीच्या दुकानात शाकाहारी माणसाला नेलंत कशाला? कोळणीकडे जाऊन पालक मागायचा का?

आर्द्रा
‘चालेल’ कुणी लिहिलं होतं? मी की त्यांनी? नाही म्हणाले असते तर आम्ही उडोन, गव्हाच्या जाड शेवया… नाही, त्यातही दाशी. सासूबाई सहा दिवस भात, फळं आणि घरून आणलेल्या दशम्यांवर होत्या. तुम्हाला गंमत वाटतेय.

सुईदोरा
ताई, तुमची बाजू बरोबर आहे, पण आठ खुर्च्यांच्या दुकानात पहाटे मासा मोजून आणतात. एक खुर्ची गेली की त्या वेळचा आठवा हिस्सा गेला. पैसे घेणारच. कानप्यो माकी का नाही मागितलीत? कानप्यो म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीच्या भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या, सोया-साखरेत शिजवलेल्या. जुन्या एडो पद्धतीच्या दुकानात असतेच.

बंदर_रोड
त्या पट्ट्याही कुठे कुठे दाशीत शिजवतात. अर्धवट माहितीवर कुणाच्या सासूचा नेम मोडू नका.

सुईदोरा
अर्धवट? मी स्वतः दोन वर्षं सुशीच्या दुकानात भांडी घासलीत. आमच्याकडे फक्त सोया, साखर, मिरिन (तांदळाची गोड दारू).

बंदर_रोड
तुमच्याकडे. सगळीकडे नाही.

सुईदोरा
बरं, सगळीकडे नाही. विचारून खावं. एवढं मान्य.

आर्द्रा
विचारूनच गेले होते हो! तेच तर सांगतेय मघापासून.

निशीकासाईकर
धागा माझा होता, आता दाशीचा झाला. असो. बंदर_रोड, डावखुऱ्याची गोष्ट रात्रभर डोक्यात होती. आमचा म्हातारा असं करतो का, मला माहीत नाही. मी उजवा, कधी लक्षच गेलं नाही. आणि दुपारी तो सगळ्यांना तेच तुकडे त्याच क्रमाने देतो, हेही खरं. तेवढ्यापुरतं तुमचं मान्य. ‘गंडवणं’ मात्र अजिबात मान्य नाही. तो शब्द काढा.

बंदर_रोड
तुमच्या म्हाताऱ्यापुरता काढला. आम्ही गेलो होतो त्या जागेपुरता ठेवतो.

आर्द्रा
त्यांच्याकडे कानप्यो असते का? आणि कशात शिजवतात? सासूबाई मार्चमध्ये पुन्हा येतायत.

निशीकासाईकर
असते, शेवटी तीच देतो. शनिवारी जातोय, जपानीत नीट विचारतो आणि इथेच लिहितो. जेवणार डाव्या हाताने.