दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर आणि तासांचा हिशोब जुळत का नाही?

प्रश्नकर्ती
बाबांना पुढच्या महिन्यात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायचंय, डायरेक्ट फ्लाइटने. त्यांचं इन्शुलिन चालू आहे म्हणून नक्की किती तास लागणार ते आधी कळायला हवंय. अंतर दाखवणाऱ्या साइटवर 12,370 किमीच्या आसपास येतं, स्पीड 900 धरला तर पावणेचौदा तास झाले, पण तिकिटावर त्याहून जास्त दिसतात आणि परतीचे तर आणखी वेगळेच. खरं काय धरायचं? एक जण म्हणाला पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, ते बरोबर आहे का?

अक्षांश
पृथ्वी फिरते तशी हवाही तिच्यासोबत फिरते, त्यामुळे ते कारण नाही. खरा खेळ वाऱ्याचा आहे. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात तो कित्येकदा ताशी 200 किमीच्या वर जातो. तुमचे 900 हे हवेच्या तुलनेत, वारा पाठीशी असेल तर जमिनीवरून तेच हजाराच्या पुढे जातं आणि समोरून असेल तर सातशेवर येतं.

आणि साइटवरचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर येईल ते. या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, सायबेरियावरून पार आर्क्टिकमध्ये जातो. विमान तसंच जाईल असं अजिबात नाही.

खिडकीची सीट
याच रूटचं उदाहरण घ्या ना. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण 13,900 किमी. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे वारा पाठीशी घेऊन नेलं, अंतर झालं 15,300 किमी, म्हणजे 1,400 किमी जास्त, आणि तरी पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर! भागाकार करून बघा, सरासरी ताशी 1,050 च्या वर येते. मला तर हे फार भारी वाटतं.

टेकऑफ
वर एक राहिलं, बंद आकाश. 2022 मध्ये रशियाने युरोपातल्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा हेलसिंकी–टोकियो साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं, एअरपोर्ट तेच, साइटवरचं अंतर तेच, फक्त वळसा घ्यावा लागला. शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं सगळं त्यात आलं. तुम्ही असं करा, फ्लाइट नंबर टाकून ट्रॅकिंग साइटवर मागच्या आठवड्याभरातल्या खऱ्या वेळा बघा, त्यातली सगळ्यात जास्त धरा.

प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे डोस तिथल्या घड्याळाप्रमाणे लावायचे का?

अक्षांश
नाही नाही, घड्याळावर जाऊ नका. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. रात्री 2:30 ला निघून साडेचौदा तास उडाले तरी उन्हाळ्यात तिथे त्याच तारखेचे पहाटेचे 4:30 वाजलेले असतात. डॉक्टरांना घरून निघाल्यापासूनचे एकूण तास सांगा आणि त्याप्रमाणे डोस लिहून घ्या. इन्शुलिन केबिन बॅगेतच ठेवा बरं का, चेक-इनला दिलं तर गोठू शकतं.